सगळे मागे हटतात तेव्हा

मोहल्ल्यात लग्नाची वरात निघाली किंवा शेजारच्या आळीत दिवाळीचे फटाके वाजू लागले की एक प्रसंग हमखास घडतो. एखाद्या फटाक्याची वात जळून जाते, पण फटाका वाजत नाही. मुले दबकत दबकत त्याच्याकडे सरकू लागतात आणि तेवढ्यात दारातून दादीचा आवाज येतो, "अरे, हात लावू नकोस त्याला! मागे फिर!" दादीने दारूगोळ्यावरचे पुस्तक वाचलेले नसते. पण फुटलेल्या दारूपेक्षा न फुटलेली दारू जास्त दगाबाज असते, हे तिला पक्के ठाऊक असते.

या वेळी आम्ही वाचकांसमोर अशा माणसांची हकिकत ठेवत आहोत, ज्यांचे कामच दादीच्या हुकुमाच्या उलट आहे. न फुटलेला बॉम्ब सापडला की सारी वस्ती दूर नेली जाते, रस्ते बंद होतात आणि मग एक माणूस एकटाच त्या बॉम्बकडे चालू लागतो. सैन्यातील बॉम्ब निकामी करणाऱ्या जवानांची ही गोष्ट आहे. शौर्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धावून जाणारा, शत्रूवर तुटून पडणारा वीर येतो. इथे मात्र धावून चालत नाही. इथे घाई करणारा मरतो, आणि सोबत इतरांनाही घेऊन जातो.

गिरजाघराजवळचा खड्डा

दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमाने लंडनवर बॉम्ब टाकत होती. १२ सप्टेंबर १९४० रोजी सेंट पॉल या प्रसिद्ध गिरजाघराला लागूनच सुमारे एक टन वजनाचा बॉम्ब पडला. तो फुटला नाही, जमिनीत खोल रुतून बसला. लेफ्टनंट रॉबर्ट डेव्हिस यांच्या तुकडीने फावडी घेऊन खणायला सुरुवात केली. खणताना गॅसची नळी फुटली, काही जवान गुदमरले, आगही लागली. तरी काम थांबले नाही. सुमारे आठ मीटर खोलीवर जॉर्ज वायली या जवानाला बॉम्ब लागला. तीन दिवसांनी तो दोराने वर ओढून ट्रकवर चढवला गेला. रस्ते रिकामे करवून डेव्हिस यांनी स्वतः तो ट्रक शहराबाहेर हॅकनीच्या मोकळ्या पाणथळ मैदानात नेला. तिथे तो बॉम्ब फोडला तेव्हा सुमारे शंभर फूट रुंदीचा खड्डा पडला. तोच स्फोट गिरजाघराजवळ झाला असता तर काय झाले असते, हे सांगायला नको.

त्याच महिन्यात ब्रिटनच्या राजाने 'जॉर्ज क्रॉस' हे नवे पदक सुरू केले होते. डेव्हिस आणि वायली हे त्याचे अगदी पहिल्या मानकऱ्यांपैकी होते.

घड्याळाशी आणि कपटाशी सामना

बॉम्ब न फुटण्याची कारणे दोन. एक म्हणजे त्यात बिघाड असतो. दुसरे कारण जास्त भयंकर आहे: तो उशिरा फुटावा म्हणूनच तसा बनवलेला असतो. जर्मनांच्या 'सतरा नंबर' फ्यूजमध्ये घड्याळ बसवलेले असे. बॉम्ब पडल्यापासून तीन दिवसांपर्यंत तो कधीही फुटू शके. जवान बॉम्बला स्टेथोस्कोप लावून आतली टिकटिक ऐकत. डॉक्टर ज्या नळीने रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकतो, त्याच जातीच्या साधनाने हे लोक मृत्यूचे ठोके ऐकत होते.

मग आला 'पन्नास नंबर' फ्यूज. बॉम्ब जरासा हलला तरी तो पेटे. त्यानंतर फ्यूजच्या खाली लपवलेली एक कळ आली. वरचा फ्यूज बाहेर ओढला की स्फोट. ही कळ बॉम्ब पाडण्यासाठी नव्हतीच, ती बॉम्ब निकामी करायला येणाऱ्या माणसाला मारण्यासाठी होती. जवानांनी त्यावरही तोड काढली. जोरदार चुंबक लावून घड्याळ थांबवायचे, बॉम्बच्या पत्र्याला भोक पाडून आतली दारू वाफेने पातळ करून बाहेर काढायची. एका बाजूला मारण्याची अक्कल होती, दुसऱ्या बाजूला वाचवण्याची, आणि दोघींची शर्यत लागली होती.

या शर्यतीत एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. प्रत्येक पाऊल उचलण्याआधी ते काय असणार, हे मोठ्याने सांगायचे आणि दूर बसलेल्या साथीदाराने ते लिहून घ्यायचे, अशी रीत पडली. का? काम करणारा गेला, तर कोणत्या पावलावर गेला हे मागच्या माणसाला कळावे म्हणून. ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून. आपल्या मरणातूनही दुसऱ्याला धडा मिळावा, अशी ही वही होती.

अर्ल ऑफ सफोक हे उमराव घराण्यातले गृहस्थ असे काम करत. त्यांची सेक्रेटरी आयलीन मॉर्डन त्यांचा शब्दन् शब्द टिपून घेई आणि ड्रायव्हर फ्रेड हार्ड्‌स हाताखाली मदत करी. या तिघांनी चौतीस बॉम्ब निकामी केले. १२ मे १९४१ रोजी लंडनजवळच्या एरिथ येथे पस्तिसावा बॉम्ब फुटला आणि तिघेही गेले. त्यांच्यासोबत काही जवानही गेले. उमराव, सेक्रेटरी आणि ड्रायव्हर यांचा मृत्यू एकाच स्फोटाने झाला.

खडकीची पलटण आणि हबशाचा रस्ता

शहरात बॉम्ब असतात, तर रणांगणावर जमिनीत पेरलेले सुरुंग असतात. ते शोधून वाट मोकळी करणारे जवान म्हणजे सॅपर. आपल्या पुण्याजवळच्या खडकीत सॅपर्सची जुनी पलटण आहे. आज तिला बॉम्बे इंजिनिअर ग्रुप म्हणतात, त्या काळी ती 'रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स' होती. मराठा, शीख आणि मुसलमान जवान या पलटणीत खांद्याला खांदा लावून काम करत.

याच पलटणीबरोबर सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत हे बावीस वर्षांचे अधिकारी १९४१ मध्ये ॲबिसिनियाच्या मोहिमेवर होते. आपण ज्या मुलखाला हबशा म्हणून ओळखतो, तोच हा इथिओपिया. सुदानच्या हद्दीवरील मेतेम्मा हे ठाणे ३१ जानेवारीच्या रात्री हाती आले. माघार घेणाऱ्या इटालियन सैन्याने रस्त्यात सुरुंग पेरून ठेवले होते. मागून येणाऱ्या साऱ्या फौजेची वाट मोकळी करायचे काम भगतांकडे आले. सुरुंग हुडकणारी चांगली यंत्रे त्या वेळी सर्रास मिळत नव्हती. पोलंडचे अधिकारी यूझेफ कोसात्स्की यांनी बनवलेले यंत्र पुढे १९४२ मध्ये एल अलामेनच्या लढाईत उपयोगी पडले. भगतांचा भरवसा मुख्यतः डोळ्यांवर आणि हातांवर होता.

पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, चार दिवस, ९६ तास हे काम चालले. ५५ मैलांच्या रस्त्यावर त्यांनी सुरुंगांची १५ क्षेत्रे शोधून मोकळी करवली. त्यांची गाडी दोनदा सुरुंगावर उडाली, सोबतची माणसे बळी पडली. तिसऱ्या वेळी शत्रूने दबा धरून जवळून गोळीबार केला. स्फोटाने एका कानाचा पडदा फाटला. वरिष्ठांनी बदली माणूस देऊ केला तेव्हा त्यांनी नकार दिला. आता या कामाची आपल्याला जास्त माहिती झाली आहे, तेव्हा शेवटपर्यंत आपणच करणे योग्य, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले.

मद्रास सॅपर्सचे सुभेदार सुब्रमण्यन यांचे नावही इथे घेतलेच पाहिजे. १९४४ मध्ये इटलीत मिन्यानोजवळ सुरुंग शोधत असताना एका जवानाच्या पायाखाली सुरुंग दबला. फुटायला काही सेकंदच उरले होते. सुब्रमण्यन यांनी स्वतःला त्या सुरुंगावर झोकून दिले. ते गेले, पण त्यांनी आपल्या जिवाची ढाल केल्यामुळे जवळचे साथीदार वाचले. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस देण्यात आला.

आजचे काम, आजचे घर

आता साधने सुधारली आहेत. पुण्यातील संरक्षण संशोधन संस्थेने 'दक्ष' नावाचा यंत्रमानव बनवला आहे. तो दुरून चालवता येतो, जिने चढतो, संशयित वस्तूचा एक्स-रे काढतो आणि पाण्याच्या जोरदार झोताने बॉम्ब निकामी करतो. जवानाला अंगभर जाडजूड चिलखती पोशाख मिळतो. पण तो इतका जड असतो की उन्हात दहा पावले टाकली तरी घामाने भिजायला होते. शिवाय यंत्र जिथे पोहोचत नाही, तिथे अजूनही माणसालाच जावे लागते.

जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी, ३ जानेवारीला, मारल्या गेलेल्या अतिरेक्याजवळची स्फोटके हाताळताना लेफ्टनंट कर्नल ई. के. निरंजन शहीद झाले. ते एनएसजीच्या बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकात होते. घरी पत्नी आणि लहानगी मुलगी होती. गोळीबार थांबला म्हणजे लढाई संपली, असे बाहेरच्यांना वाटते. या माणसांची लढाई तिथून सुरू होते. आणि त्यांच्या घरात फोन वाजेपर्यंत कोणाच्या तोंडात घास उतरत नाही.

पदके ज्यांना मिळाली त्यांची नावे आपल्याला कळतात. पण या धोक्याच्या कामात पदकांपासून फार लांब असलेली माणसेही आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये वर्धा जिल्ह्यातील पुलगावजवळ जुना, मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याचे काम सुरू असताना स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. त्यांत रोजंदारीवर पेट्या वाहणारे मजूरही होते. सकाळी भाकरी बांधून घेऊन निघालेली ही माणसे संध्याकाळी घरी परतली नाहीत. शौर्याचा गौरव करताना आपण या मजुरांनाही विसरू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. धोका वर्दी पाहून येत नाही. मग काळजी, पुरते शिक्षण आणि मोबदला तरी वर्दी पाहून का मिळावा?

आपल्या वाट्याचे काम

हे वाचून घरातील मुले विचारतील, "आपण काय करायचे?" त्यांना तीन गोष्टी जरूर सांगाव्यात.

शेतात, नदीच्या पात्रात, लष्कराच्या गोळीबार सरावाच्या मैदानाजवळ किंवा भंगारात जुना गोळा, काडतूस, गंजलेले अनोळखी लोखंड दिसले, तर त्याला हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, लाथ मारायची नाही. बस, रेल्वे किंवा बाजारात बेवारस पिशवी दिसली तर ती उघडून पाहायची नाही. आल्या पावली मागे फिरायचे, इतरांना दूर करायचे आणि ११२ वर पोलिसांना कळवायचे. भंगाराला चार पैसे मिळतात म्हणून गोळे उचलणाऱ्यांचे हात-पाय, कधी जीवही गेले आहेत. घरातील कर्त्या माणसांनी हे मुलांना एकदा नव्हे, दहादा सांगावे.

आपली बुजुर्ग माणसे लहानपणी शिकवतात की वाटेतला काटा, दगड बाजूला करणे ही नेकी आहे, मागून येणाऱ्याच्या पायात तो रुतू नये म्हणून. बॉम्ब निकामी करणारा जवान तेच करतो, फक्त त्याच्या वाटेतला काटा फुटणारा असतो. तो ज्यांच्यासाठी पुढे जातो, त्यांची नावेही त्याला माहीत नसतात. लोक घरी परततात, दुकाने उघडतात, मुले पुन्हा अंगणात खेळू लागतात, आणि काही झालेच नाही असे वाटते. काही झाले नाही, हीच त्याच्या कामाची पावती असते.

म्हणून यापुढे दादी दारातून "मागे फिर!" म्हणून ओरडली, तर मुलांनी निमूटपणे मागे फिरावे. आणि त्याच वेळी कुठेतरी पुढे चालत जाणाऱ्या त्या एकट्या माणसासाठी, तो सहीसलामत घरी परतावा म्हणून, एक दुआ जरूर करावी.