होऊ घातलेले दीर्घिकासमूह

दक्षिण ध्रुवावरची 10 मीटर व्यासाची दुर्बीण महास्फोटानंतर उरलेल्या प्रारणाचा नकाशा काढत होती. त्या नकाशात काही ठिपके अवाजवी प्रखर निघाले. त्यांतलाच एक एसपीटी 2349-56. नाव कसलं, टेलिफोन नंबरच! ध्रुवावरून तो नुसता डाग दिसत होता. चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या ‘अल्मा’ दुर्बिणींनी त्याच्यावर नजर रोखली, तेव्हा त्याच्या पोटातून 14 दीर्घिका निघाल्या. 2018 साली ‘नेचर’मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला.

आकाशात शेजारी दिसतात म्हणून त्या शेजारी असतीलच असं नाही. दूरचे डोंगरही एकमेकांना चिकटलेले वाटतात. अंतर कळतं ते ताम्रसृतीवरून. दीर्घिकांच्या वायूतला आयनीभूत कार्बन 158 मायक्रॉन तरंगलांबीची ठरावीक रेषा सोडतो. विश्व प्रसरण पावतं, तशी वाटेत ही रेषाही ताणली जाते; हीच ताम्रसृती. इथे ती 836 मायक्रॉनच्या आसपास सापडली, आणि सगळ्यांची जवळपास तिथेच. म्हणजे विश्व जेमतेम 140 कोटी वर्षांचं असतानाचं हे एकच कुटुंब. दाटी किती? आपल्यापासून देवयानी दीर्घिका 25 लाख प्रकाशवर्षं दूर आहे; इथे सव्वाचार लाख प्रकाशवर्षांत चौदा जणी, आणि तारे घडवण्याचा वेग अफाट.

अशी दाटी क्वचितच हाती लागते. एरवी आद्यसमूहाचा, म्हणजे होऊ घातलेल्या दीर्घिकासमूहाचा, कच्चा माल कोट्यवधी प्रकाशवर्षांत विखुरलेला असतो. म्हणून शोधणारे आधी प्रबळ रेडिओ दीर्घिका हेरतात आणि मग तिच्याभोवती गर्दी आहे का ते पाहतात. ‘स्पायडरवेब’ दीर्घिकेभोवतीचा आद्यसमूह असाच सापडला.

खरी अडचण मला पुढेच दिसते. एखाद्या गर्दीला आद्यसमूह म्हणणं हे भाकीत आहे. संगणकावर विश्व घडवून पाहिलं, तर लवकर दाटलेली गर्दीच पुढे सर्वांत थोर समूह होते असं दिसत नाही. भोवतालची रसद आटली की ती मागे पडते.

तेव्हा नुसती डोकी मोजून भागत नाही. प्रौढ समूहात दीर्घिकांमधली जागा कोट्यवधी अंश तापलेल्या वायूने भरलेली असते, आणि हा वायू महास्फोटानंतर उरलेल्या त्याच प्रारणावर पुसटशी सावली पाडतो. 2023 मध्ये ‘अल्मा’ने ती स्पायडरवेबभोवती पकडली. हजार कोटी वर्षांपूर्वीच तिथला वायू गुरुत्वाच्या कह्यात येऊन तापू लागला होता.