चिखलात सापडलेला ‘सृ’

नाक मुरडू नकोस गं. ओहोटीला पनवेलची खाडी अशीच दिसते, जिकडेतिकडे चिखल. त्यात आज पौर्णिमा, उधाणाचा दिवस. पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं. वेळ कशी कळली म्हणतेस? आपले जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तेव्हा समुद्राला भरती, इथे आत जरा उशिरा, आणि पुढे सहा तासांनी ही ओहोटी. घड्याळ नको की तक्ता नको.

तो बघ निवटा! मासा असून चिखलावर टुणटुण उडतोय. पाणी ओसरलं तरी ओल्या कातडीतूनही श्वास घेतो बेटा.

‘ओसरलं’ म्हणालो ना, तो शब्दही निवट्यासारखाच चिवट. संस्कृतात ‘सृ’ म्हणजे सरकणं, वाहत जाणं. त्याच्या आधी ‘अप’ लागला की दूर सरणं. प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडी तो ‘अप’ झिजून ‘ओ’ झाला, ‘अपसरति’चं ‘ओसरइ’ झालं आणि आपण म्हणतो ‘ओसरणं’. त्याच ‘सृ’ला ‘प्र’ जोडला तर भरतीचं पाणी पसरतं. ‘निस्’ जोडला तर तुझा पाय निसरतो. सगळी खाडी एका धातूवर चालते म्हण ना!

आणि तुझ्या नॉर्वेत? हा चिखल तुला ‘ऊटस्तो’ होत नाही? वा, काय शब्द काढलास! ‘ऊट’ म्हणजे बाहेर, ‘स्तो’ म्हणजे उभं राहणं. दोन्ही मिळून सोसणं. बर्गनच्या धक्क्यावर ज्यांच्या लाकडी वखारी होत्या, त्या उत्तर जर्मन व्यापाऱ्यांच्या बोलीतली ही जोडणी.

आता मजा ऐक. तो ‘ऊट’ आणि आपला ‘उद्’ एकाच मुळाचे. ‘स्तो’ आणि ‘स्था’ही तसेच. ‘उद्’ला ‘स्था’ जोडला, प्राकृतात ‘उट्ठइ’ झालं, मराठीत ‘उठणं’. तुकडे तेच, पण तिकडे जोडले तर माणूस सोसतो, इकडे जोडले तर उठतो. एकाने दुसऱ्याचं पाहून केलेलं नाही हं. सुतार वेगळे, लाकूड एक.

अरे, निवटा बिळात शिरला. पाणी वळलं वाटतं. ऊठ बघू. आणि जपून, पायाखाली निसरडं आहे.