व्यवसायाची रक्कम अडकल्यास दाद कोठे मागाल?

पेण-रोहा लोहमार्गावरील निडीसारख्या गावातही आता गिऱ्हाइके मोबाइलवरून पैसे देतात. ते दुकानदाराच्या खात्यात पोहोचले नाहीत, तर उद्याचा माल भरणे अडते. अशा वेळी रक्कम नेमकी कोठे अडकली, हे प्रथम पाहावे.

यूपीआयद्वारे गिऱ्हाइकाचे पैसे वजा झाले, पण दुकानदाराला पुष्टी मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार ते ५ दिवसांत गिऱ्हाइकाला परत मिळायला हवेत. पुढील विलंबासाठी दररोज १०० रुपये भरपाईही त्यालाच मिळते.

पुष्टी मिळूनही रक्कम रोखली गेल्यास तक्रार दुकानदाराने करावी. व्यवहार क्रमांकासह लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास, बँक किंवा योजनेत येणाऱ्या अन्य संस्थेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. मात्र त्याच प्रकरणी न्यायालयात दावा प्रलंबित असल्यास लोकपाल तक्रार स्वीकारत नाहीत.

ग्राहक आयोगाचा मार्ग व्यावसायिकांसाठी बिकट आहे. व्यवसायासाठी बँकसेवा घेणाऱ्या शेअर दलालाला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'ग्राहक' मानले नव्हते. अखेर उरतो तो वसुलीचा दिवाणी दावा. त्याची मुदत सर्वसाधारणपणे ३ वर्षे असते.