किताकामीच्या काठी : ‘रानटी’ ठरविलेल्यांची बुद्धभूमी

जपानमधील बौद्ध स्थळे म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर नारा, क्योतो आणि कामाकुरा ही नगरे येतात. ती राजसत्तेची नगरे होती. तेथील विहारांमागे सम्राट, सरदार आणि सेनापती उभे होते. प्रस्तुत लेखात ज्या प्रदेशाचा परिचय करून द्यावयाचा आहे तो या सर्वांपासून दूर, जपानच्या मुख्य बेटाच्या ईशान्य भागात, भातशेतीच्या आणि डोंगरांच्या मुलखात आहे. किताकामी ही त्या भागातील सर्वांत लांब नदी. सुमारे २४९ किलोमीटर दक्षिणेकडे वाहत जाऊन ती पॅसिफिक महासागराला मिळते. तिच्या मधल्या टप्प्यात, कोरोमो नावाची लहान नदी तिला जेथे येऊन मिळते तेथे, हिराइझुमी हे गाव वसले आहे. आज ते जेमतेम काही हजार वस्तीचे शांत गाव आहे. बाराव्या शतकात मात्र ते उत्तर जपानची राजधानीच होते, असे म्हणावयास हरकत नाही.

या प्रदेशाचा इतिहास एका नावापासून सुरू होतो. यामातो दरबार येथील रहिवाशांना ‘एमिशी’ म्हणत असे. चिनी लिपीत हे नाव ज्या अक्षरांनी लिहीत, त्यांचा आशय रानटी, असंस्कृत असा होता. हे लोक नेमके कोण होते, त्यांचा ऐनू जमातीशी संबंध किती, याविषयी विद्वानांत अद्याप एकमत नाही. परंतु एक गोष्ट स्पष्ट दिसते. हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नव्हते. ते त्यांना वरून चिकटविले गेले होते. जे दरबाराला शरण येत त्यांना ‘फुशू’, म्हणजे शरणागत बंदी, म्हणत. पुढे पिढ्या लोटल्या, त्यांच्यातील काही घराणी सधन झाली, तरीही हा शब्द त्यांच्या मागून सुटला नाही. जन्माने लागलेले नाव कसे पिढ्यान्‌पिढ्या माणसाचा पाठलाग करते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

इ.स. ७८९ मध्ये शाही सैन्याने किताकामी ओलांडून एमिशींवर चाल केली. आतेरुई हा त्यांचा नायक होता. दरबाराच्याच इतिहासग्रंथात नोंद आहे की, या मोहिमेत प्रत्यक्ष शस्त्राने मेलेले सैनिक अवघे २५ होते, तर नदीत बुडून मेलेले १,०३६. पुढे ८०२ मध्ये आतेरुई आपला सहकारी मोरे आणि पाचशेहून अधिक लोकांसह सेनापती साकानोउए नो तामुरामारो याला शरण गेला. तामुरामारोने त्यांना जीवदान द्यावे अशी विनंती केली होती. दरबाराने ती फेटाळून दोघांचाही शिरच्छेद केला. क्योतो येथील कियोमिझु विहाराच्या आवारात त्या दोघांचे स्मारक उभे राहावयास १९९४ साल उजाडावे लागले.

याच संघर्षाची एक खूण हिराइझुमीच्या नैर्ऋत्येस काही किलोमीटरांवर ताक्कोकु नो इवाया येथे पाहावयास मिळते. उंच कड्याच्या पोटातील गुहेला लागून, लाकडी खांबांवर उभारलेले हे वैश्रवणाचे मंदिर आहे. ८०१ मध्ये तामुरामारोने विजयाप्रीत्यर्थ ते बांधले, अशी परंपरा सांगते. गुहेत राहणाऱ्या ज्या ‘दुष्ट राजा’चा त्याने पराभव केला म्हणतात, तो आतेरुईच असावा असे काही जण मानतात. पराभूतांना दैत्य ठरविण्याची रीत सर्वत्र सारखीच. सध्याची इमारत १९४६ च्या आगीनंतर १९६१ मध्ये पुन्हा बांधलेली आहे. शेजारच्या कड्यावर बुद्धाची एक भव्य मूर्ती कोरलेली आहे. युद्धांतील मृतांसाठी ती कोरली गेली, अशी आख्यायिका आहे. १८९६ च्या भूकंपात तिचा खालचा भाग ढासळला. आता मुख आणि खांदे तेवढे शिल्लक आहेत.

आता मूळ विषयाकडे वळू. अकराव्या शतकात या प्रदेशात दोन दीर्घ युद्धे झाली. पहिल्या युद्धाच्या अखेरीस, १०६२ मध्ये, फुजिवारा नो त्सुनेकियो या सरदाराचा शिरच्छेद झाला. त्याच्या वेदना लांबाव्यात म्हणून मुद्दाम बोथट तलवार वापरली गेली, असे तत्कालीन युद्धवृत्तान्त सांगतो. त्याचा मुलगा कियोहिरा त्या वेळी सहा-सात वर्षांचा होता. त्याची आई आबे या स्थानिक घराण्यातील, म्हणजे ज्यांना फुशू म्हटले जाई त्यांच्यापैकी होती. युद्धानंतर तिला विजेत्या कियोहारा घराण्यात जावे लागले आणि मुलगा आपल्या पित्याच्या शत्रूंच्या घरी वाढला. दुसऱ्या युद्धात, १०८६ मध्ये, त्याच्या सावत्र भावाने त्याची पत्नी आणि मुले यांची हत्या केली. १०८७ मध्ये युद्ध संपले तेव्हा या सर्व रक्तपातातून एकटा कियोहिरा उरला होता आणि विस्तीर्ण उत्तर प्रदेश त्याच्या हाती आला होता.

अशा मनुष्याने सूडाची परंपरा पुढे चालविली असती तर इतिहासाला नवल वाटले नसते. त्याने आपले केंद्र हिराइझुमी येथे आणले आणि ११०५ च्या सुमारास चूसोन-जी या विहाराची उभारणी हाती घेतली. ही जागा लक्षात घेण्यासारखी आहे. कोरोमो नदी ही दरबाराचा मुलूख आणि एमिशींचा मुलूख यांमधील जुनी सीमा होती. या सीमेवरच्या टेकडीवर त्याने विहार बांधला. पुढील काळातील एका इतिहासग्रंथानुसार, दक्षिणेकडील शिराकावा नाक्यापासून उत्तरेच्या समुद्रापर्यंतच्या राजमार्गावर प्रत्येक ‘चो’ला, म्हणजे सुमारे शंभर मीटरांवर, सोनेरी अमिताभ चितारलेला एकेक स्तूपफलक त्याने उभा केला होता.

चूसोन-जीसंबंधीचा सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे ११२६ चे संकल्पपत्र. मूळ पत्र नष्ट झाले असून चौदाव्या शतकातील त्याच्या प्रती उपलब्ध आहेत. त्यात कियोहिरा विहाराच्या घंटेविषयी जे म्हणतो त्याचा आशय असा : या भूमीवर दरबाराचे सैनिक पडले, तसेच एमिशीही पडले. पशू, पक्षी, मासे आणि शिंपल्यांतील जीव यांची तर गणतीच नाही. त्यांची हाडे येथील धुळीत मिसळून गेली. घंटेचा नाद भूमीला स्पर्श करील तेव्हा तेव्हा निरपराध मेलेल्या त्या सर्वांना तो सुखावती लोकाकडे घेऊन जावो. घंटानाद भेद न करता सर्वांपर्यंत सारखाच पोचतो, हा विचार या मजकुराचा गाभा आहे. विजेत्याने आपल्या मृतांबरोबर शत्रूच्या मृतांचाही आणि मुक्या जिवांचाही उल्लेख एकाच ओळीत करावा, ही गोष्ट मध्ययुगीन जगात फार थोड्या ठिकाणी आढळेल. मेत्ताभावनेत मित्र, त्रयस्थ आणि वैरी यांच्यामधील सीमा पुसून टाकण्याची जी साधना आपल्या परंपरेत सांगितली आहे, तिचे हे एक ऐतिहासिक उदाहरण म्हणता येईल.

याच पत्रात कियोहिरा स्वतःचा उल्लेख पूर्वेकडील रानट्यांचा दूरस्थ म्होरक्या आणि शरणागतांचा प्रमुख असा करतो. ही केवळ दरबारी नम्रता आहे काय? पत्राचा मसुदा राजधानीतील एका विद्वानाने केला होता आणि निवृत्त सम्राटाच्या कल्याणाची प्रार्थनाही त्यात आहे. हे राजकीय पत्र आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते, अपमानासाठी वापरलेले नाव आपल्या सर्वश्रेष्ठ कृतीच्या लेखात स्वतःहून नोंदविणे यात लाचारी नाही. ज्यांना तुम्ही रानटी म्हणता त्यांनी काय उभारले ते पाहा, असा त्यामागचा सूर ऐकू येतो.

१३३७ च्या आगीत चूसोन-जीच्या बहुतेक वास्तू जळाल्या. त्या घंटेचाही अंत झाला. आज तेथे टांगलेली घंटा १३४३ मध्ये ओतलेली आहे. आगीतून जे वाचले त्यात कोन्जिकिदो, म्हणजे सुवर्णसभागृह, हे प्रमुख होय. ११२४ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू आकाराने अगदी लहान आहे. प्रत्येक बाजू सुमारे साडेपाच मीटर आणि उंची आठ मीटर. मात्र आतून-बाहेरून ती लाखेवर सोन्याचा वर्ख देऊन मढविलेली आहे. खांबांवर आणि वेदीवर दक्षिणेकडील समुद्रांतून आणलेल्या शिंपल्यांचे जडावकाम आहे. मध्यभागी अमिताभ बुद्ध, दोहो बाजूंस अवलोकितेश्वर आणि महास्थामप्राप्त, सहा क्षितिगर्भ, आणि पुढे रक्षक म्हणून धृतराष्ट्र व विरूढक. नावे आपल्या ओळखीची, चेहरे मात्र जपानी. हे सोने आले कोठून? जपानमध्ये सोने प्रथम सापडले तेच या प्रांतात, ७४९ मध्ये, आणि ते नारा येथील तोदाई-जीच्या महाबुद्धासाठी पाठविण्यात आले. म्हणजे ज्यांना राजधानी असंस्कृत म्हणत होती, त्यांच्याच मातीतून राजधानीचा बुद्ध सोनेरी झाला होता. आज हे सभागृह काँक्रीटच्या संरक्षक इमारतीत, काचेच्या आड आहे. काच आड आल्याने यात्रिकाची थोडी निराशा होते. पण लाकूड आणि लाख यांना नऊ शतके टिकविणे सोपे नसते.

पालीच्या अभ्यासकाला यापेक्षाही मोलाची वाटणारी वस्तू म्हणजे कियोहिराने लिहवून घेतलेले संपूर्ण चिनी त्रिपिटक. गडद निळ्या कागदावर एक ओळ सोन्याच्या शाईने, पुढची चांदीच्या शाईने, असे पाच हजारांहून अधिक पट लिहिण्यास सुमारे आठ वर्षे लागली. चिनी त्रिपिटक म्हटले की आपल्याकडे केवळ महायान सूत्रे आठवतात. परंतु त्यात आपल्या निकायांशी समांतर असे आगमही असतात. आश्वलायन या ब्राह्मण तरुणाशी चारही वर्णांच्या शुद्धीसंबंधी तथागतांचा जो संवाद मज्झिम निकायात आहे, त्याचा प्रतिरूप पाठ मध्यमागमात आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस यातील बहुतांश पट येथून नेण्यात आले. आज ४,२९६ पट कोया पर्वतावरील कोंगोबु-जी येथे असून चूसोन-जीकडे अवघे १५ उरले आहेत.

सुवर्णसभागृहाच्या वेदीखाली कियोहिरा, त्याचा पुत्र मोतोहिरा आणि नातू हिदेहिरा यांची शरीरे, तसेच चौथा वारस यासुहिरा याचे शिर ठेवलेले आहे. १९५० मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांची तपासणी केली. त्या तपासणीतील एक प्रमुख प्रश्न असा होता की हे लोक शरीररचनेने ऐनू होते की जपानी? ते जपानी वळणाचे होते असा निष्कर्ष निघाला. हा प्रश्नच मुळात चुकीचा होता असे म्हणावेसे वाटते. कवटीच्या मापाने रानटीपण सिद्ध होत नाही, तसेच खोडलेही जात नाही. दरबाराने ते नाव दिले ते शरीर मोजून नव्हे. जे अधीन नव्हते त्यांच्यासाठी ते नाव होते. ११७० मध्ये हिदेहिराला उत्तरेच्या सेनापतिपदी नेमण्यात आले, तेव्हा राजधानीतील एका उमरावाने आपल्या रोजनिशीत त्याला रानटी म्हणून ही नेमणूक अराजकाचे मूळ असल्याची खंत नोंदविली. त्या वेळी हे घराणे तीन पिढ्या विहार बांधीत होते.

मोतोहिरा आणि हिदेहिरा यांनी विस्तारलेले मोत्सु-जी गावाच्या दुसऱ्या बाजूस आहे. तेथील वास्तू १२२६ च्या आगीपासून टप्प्याटप्प्याने नष्ट झाल्या. उरले ते मोठे तळे, त्यातील खडकांची मांडणी, पाणी आणणारा वळणदार ओहोळ आणि खांबांच्या पायाचे दगड. सुखावती लोकाची कल्पना उद्यानरूपाने साकार करण्याची हेइआन काळातील पद्धत येथे जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र. हिदेहिराचे मुर्योको-इन तर आता शेतांमधील अवशेषच आहे. त्याची मांडणी अशी होती की वर्षातील ठराविक दिवसांत सूर्य सभागृहामागील किन्केई टेकडीवर मावळे.

११८९ मध्ये हे सर्व संपले. आश्रयास आलेल्या मिनामोतो नो योशित्सुने याला यासुहिराने दबावाखाली कोरोमो नदीकाठी मरणास भाग पाडले आणि तरीही योरितोमोच्या सैन्याने त्याच वर्षी हिराइझुमी घेतले. नदीकाठच्या ताकादाची टेकडीवर योशित्सुनेचे छोटे स्मारकगृह आहे. बरोबर पाचशे वर्षांनी, १६८९ मध्ये, कवी बाशो येथे आला होता. टेकडीवरून आज दिसते ती किताकामी, पलीकडचा डोंगर आणि मधली शेते.

वेळ असल्यास इचिनोसेकीजवळच्या दोन घळी अवश्य पाहाव्यात. गेइबिकेई येथे नावाडी लांब बांबूने सपाट नाव प्रवाहाविरुद्ध नेतात आणि परतताना लोकगीत गातात. दोन्ही बाजूंस चुनखडीचे उंच कडे आहेत. गेन्बिकेई येथे पलीकडच्या काठावरून दोरीला लावलेल्या टोपलीतून गोड गोळे खाली सोडले जातात. मुलांना हे फार आवडते. तोकियोहून शिन्कान्सेन गाडीने इचिनोसेकी गाठावे. तेथून हिराइझुमी लहान गाडीने दुसरेच स्थानक आहे.

नदीविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. इचिनोसेकीच्या खाली किताकामी डोंगरांतील चिंचोळ्या खिंडीत शिरते आणि पावसाळी वादळात पाणी मागे तुंबते. १९४७ आणि १९४८ च्या लागोपाठच्या पुरांनी येथे शेकडो बळी घेतले. त्यावर उपाय म्हणून पूरपाणी साठविण्याचे विस्तीर्ण क्षेत्र, बांध आणि नवा रस्ता यांची योजना झाली. १९८८ पासून त्या कामापूर्वीचे उत्खनन सुरू झाले आणि नदीकाठीच यानागिनोगोशो हे या घराण्याचे प्रशासन-केंद्र मातीखालून वर आले. खंदक, विहिरी आणि मेजवान्यांत वापरून टाकलेल्या मातीच्या वाट्यांचे ढीग सापडले. जतनाची मागणी जोर धरू लागली आणि १९९३ मध्ये बांध व रस्त्याची आखणी बदलण्याचा निर्णय झाला. पुढे २०११ मध्ये हिराइझुमीची पाच स्थळे जागतिक वारशाच्या यादीत आली तेव्हा हे स्थान मात्र त्यांत नव्हते. विहार, उद्याने आणि टेकडी तेवढी निवडली गेली.

यासुहिराचे शिर ज्या पेटीत होते तीत १९५० च्या तपासणीत कमळाच्या बिया सापडल्या होत्या. त्या रुजविण्याचे प्रयत्न दीर्घकाळ चालले आणि १९९८ मध्ये त्यांतून फूल उमलले. चूसोन-जीच्या टेकडीखालच्या तळ्यात ती कमळे जुलैत फुलतात. ती पाहावयाची असतील तर सकाळी लवकर जावे. दुपारपर्यंत पाकळ्या मिटतात.