मुरूम आणि लसणाची पाकळी

मुरूम हा काय व्याख्यानमालेत मांडण्याचा विषय आहे, असे कोणी विचारील. ज्याच्या गालावर तो उठतो, त्याला विचारावे. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर काम करणारा एक तरुण आमच्याकडे गालाला रुमाल लावून आला. दुसऱ्या दिवशी मुलगी पाहायला जायचे, म्हणून कोणाच्या सांगण्यावरून त्याने रात्री लसूण ठेचून मुरुमांवर बांधला होता. सकाळी मुरूम जिथल्या तिथे, आणि भोवती भाजल्यासारखे फोड!

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे, वैद्य नव्हे. पण त्या दिवसापासून या गोष्टीचा शोध घेतला, तो येथे मांडतो.

लसणाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. काश्यपसंहितेत त्याच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. अखंड पाकळीला फारसा वास येत नाही. ती ठेचली की तिच्यातील दोन द्रव्ये एकत्र येऊन ॲलिसिन नावाचे तिखट द्रव्य तयार होते. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी ते वेगळे काढले आणि त्याने जंतू मरतात असे दाखविले. इथपर्यंत लोकसमजूत खरी आहे. परंतु जे द्रव्य जंतूंच्या प्रथिनांवर तुटून पडते, ते आपल्या कातडीला आपली म्हणून सोडून देत नाही. कच्चा लसूण बांधल्याने त्वचा भाजल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत अनेक आहेत.

शिवाय मुरूम केवळ जंतूंनी होत नाही. वयात येताना कातडीतील ग्रंथी अधिक तेल सोडतात, केसाच्या मुळाशी असलेले छिद्र मृत पेशींनी बुजते, कोंडलेल्या तेलात जंतू वाढतात आणि दाह होतो. मोरी तुंबली असता वरून फिनेल ओतून ती मोकळी होईल काय?

यंत्राच्या तेलाने भिजलेले कपडे दिवसभर अंगावर राहिले, तर हातांवर आणि मांड्यांवरही अशाच पुळ्या उठतात. तेथे उपाय साबण, पाणी आणि स्वच्छ कपडे हाच. हात-तोंड धुण्याची सोय ही मालकाची मेहेरबानी नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४२ व्या कलमाने ती त्याच्यावर बंधनकारक केली होती. ती मागून घ्यावी.

मग करावे काय? चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुवावा, घासू नये. मुरूम फोडू नये, डाग राहतो. बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापॅलीन ही मलमे डॉक्टरांना विचारून लावावीत. गरोदर स्त्रीने ॲडापॅलीन टाळावे. गुण दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा. गोरे करणारी म्हणून विकली जाणारी स्टेरॉइडची मलमे तर मुळीच लावू नयेत. त्यांनी मुरूम उलट वाढतात. मोठ्या, दुखऱ्या गाठी असतील तर सरळ मेडिकलच्या त्वचारोग विभागात जावे. तेथे जाण्यात कमीपणा नाही.

त्या तरुणाचे फोड भरून आले, पण डाग बरेच दिवस राहिला. घरचे औषध म्हणजे निरुपद्रवी औषध, हा समज त्याला महाग पडला. लसूण चटणीत घालावा, भाकरीबरोबर खावा. गालावर बांधू नये.