यात्रेआधीची सुई

आमच्या घाटनांदूरला कुणी हजला किंवा उमऱ्याला निघालं, की पंधरा दिवस आधीपासून त्या घरी माणसांची रीघ लागते. दावती होतात. "आमच्यासाठी दुआ करा" म्हणत म्हाताऱ्या बायका येतात. शेजारगल्लीतले पाटील हार घेऊन येतात, किराणा दुकानदार बदामाची पुडी देऊन जातो. लोणचं, चटण्या, चिवडा बांधला जातो. या धामधुमीत डॉक्टरकडे जायचं तेवढं राहून जातं. आमच्या घरीही ते राहूनच गेलं होतं. म्हणून हा विषय बोलायला घेतला.

अम्मीला उमऱ्याला न्यायचं ठरलं तेव्हा ती बाहत्तर वर्षांची होती. साखर आणि रक्तदाब, दोन्ही जुने सोबती. तिकिटं काढली, व्हिसा झाला. निघायला बारा-तेरा दिवस उरले तेव्हा टूरवाल्याला सहज विचारलं, "लशीचं काय?" तो म्हणाला, "सर, तुम्ही कशाला धावपळ करता? कागदाची सोय करून देतो." म्हणजे सुई न टोचता टोचल्याचं प्रमाणपत्र. खोटं कशाला सांगू, मला ते सोयीचं वाटलं. घरी येऊन अम्मीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "झूटा कागज लेको अल्ला के घर जाना क्या रे?" मग दुसऱ्या दिवशी अंबाजोगाई गाठावीच लागली.

ही लस कसली, ते आधी सांगतो. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए. विज्ञानाशी माझी सोयरीक दहावीलाच संपली. पण डॉक्टरांनी समजावलं ते मला नीट समजलं. मेंदूज्वराचे, म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज आणणारे काही जंतू माणसाच्या घशात राहतात. ज्याच्या घशात असतात तो बहुतेक वेळा ठणठणीत असतो. तो खोकतो, शिंकतो, जवळ बसून बोलतो, आणि जंतू दुसऱ्याकडे जातात. एखाद्याच्या रक्तात ते शिरले, की चोवीस तासांत माणूस हातचा जाऊ शकतो. मिनातल्या तंबूत खांद्याला खांदा लावून झोपलेली माणसं आणि तवाफची गर्दी डोळ्यांसमोर आणा. या जंतूला याहून चांगली जागा कोणती?

हे घडून गेलेलं आहे. १९८७च्या हजमध्ये मेंदूज्वराची मोठी साथ आली आणि त्यानंतर सौदी सरकारने लस सक्तीची केली. पण तेव्हा अनेक देशांतले यात्रेकरू जी लस घेत, ती या जंतूच्या 'ए' आणि 'सी' या दोनच जातींवर चालायची. २००० आणि २००१मध्ये 'डब्ल्यू' जातीने डोकं वर काढलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. तेव्हा आजारी पडलेल्यांत मक्केला कधीही न गेलेली माणसं होती. इंग्लंड-फ्रान्समध्ये हाजी घरी परतले, स्वतः बरे होते, आणि घरातली मुलंबाळं आजारी पडली. आपल्याकडे हाजी परतला की सगळा गाव गळाभेटीला येतो. नातवंडं तर मांडीवरून उतरत नाहीत. त्यानंतर ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चारही जातींवरची लस सक्तीची झाली. ती तिथे पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची असते, कारण शरीराला आपली फौज उभी करायला तेवढे दिवस लागतात. आदल्या रात्री टोचून घेतली तर शिक्का मिळेल, संरक्षण मिळणार नाही. जुन्या प्रकारच्या लशीचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, नव्या प्रकारच्या लशीचं पाच वर्षं.

हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांसाठी सरकारी लसीकरण शिबिरं भरतात. तिथे मेंदूज्वराची लस आणि पोलिओचे थेंब मिळतात. पिकल्या दाढीच्या माणसाने पोलिओसाठी 'आ' केलेला पाहून पोरं हसतात. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११चा, हावड्याचा. पण शेजारच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानात हा विषाणू अजून गेलेला नाही आणि मक्केत सगळं जग एकत्र येतं. उमऱ्याला जाणाऱ्यांसाठी मात्र असं शिबिर नसतं. त्यांनी आपली लस आपण शोधायची. ती खासगीत स्वस्त नाही, छोट्या गावात मिळत नाही. आम्हाला लातूरहून आणावी लागली. विमानतळावर कुणी विचारो न विचारो, ती घ्यावी. वयस्कर माणसांनी फ्लूचीही घ्यावी, कारण तिकडून परतलेल्यातला जवळजवळ प्रत्येक जण खोकतच येतो.

साथी आणि यात्रा यांचं नातं जुनं आहे. १८६५मध्ये मक्केत कॉलरा पसरला, हजारो यात्रेकरू गेले, आणि ती साथ सुएझमार्गे युरोपात पोचली. पुढच्याच वर्षी इस्तंबूलला सगळ्या देशांची परिषद बसली. आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, साठच्या दशकात मुंबईहून बोटीने हजला गेले. बोटीत चढण्याआधी देवी आणि कॉलरा, दोन्ही टोचल्याचा दाखला दाखवावा लागे. टोचल्यावर दंड सुजला, ताप आला, आणि तशाच अंगाने ते बोटीत चढले, हे दादी आम्हाला कौतुकाने सांगायची.

तर अंबाजोगाईला काय झालं? डॉक्टरांनी लशीचं बोलणं बाजूला ठेवलं आणि अम्मीला चप्पल काढायला सांगितली. उजव्या तळव्याला, अंगठ्याखाली, रुपयाएवढी जखम होती. तिला पत्ताच नव्हता. साखरेने पायाच्या शिरा बधिर होतात. काटा रुतला तरी कळत नाही. डॉक्टर म्हणाले, "आई, असा पाय घेऊन तुम्ही दिवसाला सात-आठ किलोमीटर चालणार? तेही फरशीवर, अनवाणी?" उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून साखरेच्या रुग्णांचे तळवे भाजतात आणि त्यांना ते संध्याकाळी फोड दिसल्यावर कळतं, असं त्यांनी सांगितलं. आम्ही प्रवास पुढे ढकलला. तिकिटाचे पैसे बुडाले. अम्मी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जखम भरायला सात आठवडे लागले. खोटा कागद घेऊन गेलो असतो, तर तो पाय शाबूत परत आला असता की नाही, हा विचार अजून मला रात्री उठवतो.

म्हणून मी भेटेल त्याला सांगतो, निघण्याच्या दीड महिना आधी डॉक्टरकडे जा. नुसती लस मागू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करायची गोळी असेल, कसली अ‍ॅलर्जी असेल, तर आधी सांगा. औषधाची चिठ्ठी कंपनीच्या नावाने नको, मूळ औषधाच्या नावाने लिहून घ्या, कारण तिथल्या दुकानात आपली कंपनी नसते. गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन विमानाच्या पोटातल्या सामानात टाकू नका. ते गोठलं की निकामी होतं. पुरुषांनी डोकं उतरवताना वस्तरा नवा आहे ना, ते पाहावं. एकाच पात्याने चौघांचं झालं तर काविळीचा जंतू सोबत येतो. आणि उन्हाला हलकं समजू नका. २०२४च्या हजमध्ये पारा पन्नाशीपार गेला आणि तेराशेहून अधिक माणसं गेली, हा आकडा सौदी सरकारचाच आहे.

हे सगळं यात्रेकरूंपुरतं नाही. आपल्याकडची पोरं कामासाठी आफ्रिकेत जातात. तिथल्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस लागते, तीही दहा दिवस आधी आणि ठरलेल्या सरकारमान्य केंद्रातच. २०१६पासून ती एकदा घेतली की जन्मभर चालते. दाखला नसेल तर परतताना आपलंच सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतं. हा आजार भारतात नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरच्या रांजणात आहे. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांकडे विद्यापीठं गोवराच्या लशीचा पुरावा मागतात, आणि मग आईबाप वीस वर्षांपूर्वीचं पिवळं कार्ड शोधत माळा उपसतात.

दोन महिन्यांनी अम्मीला घेऊन निघालो. आदल्या रात्री हज कमिटीचं जुनं सूचनापत्रक हाती घेऊन तिची पिशवी तपासायला बसलो. खाली, चटणीच्या डब्याआड, खसखशीची पुडी निघाली. तिकडे खसखस म्हणजे अफूच्या बोंडाचं बी. सापडली तर माणूस थेट चौकशीत. अम्मीला पटेना. "झोप नहीं आयी तो दूध में डालनेकू रखी मैं," म्हणाली. पुडी काढून मी फडताळात ठेवली. परत आल्यावर मुसाफ्याला आलेल्या पाटलांच्या सुनेला तिने ती देऊन टाकली. त्यांच्याकडे दिवाळीचे अनारसे व्हायचे होते.