सहा सूत, अठरा मिलिमीटर

पाऊण इंची प्लायला सुतार 'सहा सूत' म्हणतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे सहा सूत झाले १९ मिलिमीटर आणि वर केसभर. त्याच प्लायवर शिक्का मात्र १८ मिलिमीटरचा. घरी येऊन कपाट करणाऱ्या मिस्त्रीची या फरकाने कधी झोप उडाली नाही. फळी आत जाईना तर रंधा मारायचा, सैल बसली तर पट्टी सारायची. तेच कपाट कारखान्यात होऊ लागले की रंधा मारायला कोणी नसते. फळ्या कापल्या जातात शहराबाहेरच्या शेडमध्ये, जोडल्या जातात चौथ्या मजल्यावरच्या खोलीत, आणि या दोन ठिकाणची माणसे एकमेकांना ओळखतही नाहीत. दोघांच्या मधे असते फक्त ड्रॉइंग.

हे ड्रॉइंग म्हणजे ग्राहकाला दाखवतात ते चित्र नव्हे. त्या थ्रीडी चित्रात खिडकीतून कोवळे ऊन येते, कोपऱ्यात कुंडी असते, पसारा औषधालाही नसतो. ते बघून आपण आगाऊ रक्कम देतो. पण त्यावरून एकही फळी कापता येत नाही. कापणाऱ्याला हवा असतो प्रत्येक तुकड्याचा जमाखर्च: लांबी, रुंदी, जाडी, ग्रेन उभा की आडवा, कुठल्या कडेला एजबँड, भोक कुठे आणि किती खोल. साध्या दोन दारी कपाटाचे पंधरा-वीस तुकडे सहज होतात.

बाहेरून ९०० मिलिमीटर रुंदीचे कपाट घ्या. दोन बाजूंच्या १८-१८च्या फळ्या वजा केल्या की आत ८६४ उरले. वजाबाकी बरोबर, कपाट चूक. कारण प्लायवर बाहेरून १ मिलिमीटरचा सनमायका बसतो, आतून ०.८चा; मधला चिकटवणीचा थर धरला की फळी २० मिलिमीटरच्या घरात जाते. आतली जागा मग ८६०. ड्रॉवरच्या चॅनेलला दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे २६ मिलिमीटर सोडावे लागतात, म्हणजे ड्रॉवरचा खोका ८३४चा. ८६४ धरून चाललेल्या माणसाने तो ८३८चा काढला, तर चार मिलिमीटरने ड्रॉवर आत जातच नाही. बरे, कारखान्यात आधीच फिनिश चढवलेला बोर्ड वापरला तर हे सगळे गणित बदलते. तिथे १८ म्हणजे साधारण १८च.

सॉफ्टवेअरला ही वजाबाकी येते. जाडीचा आकडा एका जागी बदलला की सगळे तुकडे, सगळी भोके आपोआप सरकतात. पण खरी जाडी त्याला कुणीतरी सांगावी लागते, आणि ती शिक्क्यावर विसंबून सांगू नये. ड्रॉइंग काढणाऱ्याच्या टेबलावर माऊसशेजारी व्हर्निअर कॅलिपर दिसला नाही, तर मी तरी त्याच्याकडे काम देणार नाही. एजबँडचेही तसेच. ६०० मिलिमीटर खोल फळीच्या दर्शनी कडेला २ मिलिमीटरची पट्टी लागणार, म्हणून ती ५९८ला कापायची. हे २ ड्रॉइंगवाल्याने वजा केले आणि कटिंगच्या सॉफ्टवेअरनेही पुन्हा वजा केले, तर? ड्रॉइंगवर 'कटिंग माप' की 'फिनिश माप' हे दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो! तरीही नेमके तेच राहून जातात.

आपल्याकडे कपाट 'दोन फूट खोल' सांगायची सवय आहे. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटरला अगदी थोडे कमी. प्लायची आठ बाय चारची शीट २४४० बाय १२२० असते. १२२०चे निम्मे ६१०, म्हणजे एका शीटमधून दोन पट्ट्या निघाल्याच, असे कागदावर वाटते. पण करवतीचे पाते स्वतः तीन-चार मिलिमीटर खाऊन जाते, आणि शीटच्या कडा साफ करण्यात आणखी थोडे जातात. दुसरी पट्टी भरत नाही. दोन फुटांचा हट्ट धरला की जवळजवळ निम्मी शीट भंगारात. ६०० म्हटले की दोन्ही सुखाने निघतात.

भोकांचा हिशेब त्या मानाने सोपा, कारण तो युद्धोत्तर जर्मनीतल्या कारखान्यांनी आधीच बसवून ठेवला आहे: ५ मिलिमीटरची भोके, दर ३२ मिलिमीटरवर, पुढच्या कडेपासून ३७ आत. बिजागरीच्या वाटीला ३५चे भोक. घोटाळा होतो तो बिजागरी शून्य, आठ की सोळा क्रँकची हे न लिहिल्याने. दार बाजूच्या फळीवर पूर्ण येणार, अर्धे येणार की आत बसणार, हे त्यावर ठरते.

आणि शेवटी खोली. भिंत ओळंब्यात नसतेच. म्हणून रुंदी खाली, मध्ये आणि वर मोजायची, सर्वांत लहान माप धरायचे आणि उरलेल्या फटीसाठी फिलर पट्टी आधीच ड्रॉइंगमध्ये घालायची. उंचीचा फास तर आणखी लपलेला. फॉल्स सीलिंग २४५० मिलिमीटरवर, कपाट २४००चे. वर पाच सेंटिमीटर मोकळे, म्हणजे चिंता नाही. पण कपाट जमिनीवर आडवे जोडून मग उभे करतात. २४०० उंच आणि ६०० खोल कपाटाचा कर्ण भरतो २४७४. उभे होत आले की त्याचा कोपरा छताला जाऊन टेकतो आणि चार माणसे ते तसेच धरून उभी राहतात. कसलेला मिस्त्री कर्ण-बिर्ण मांडत नाही. खोलीत शिरताच वर बघून तो सांगतो, "खालचा बेस वेगळा करा साहेब. वर उचलून मग त्यावर बसवू." बेस १०० मिलिमीटरचा धरला, तर उरलेल्या २३०० उंचीच्या खोक्याचा कर्ण येतो २३७७.